पंचावन्न मिनिटं लक्षात राहिली, पंचेचाळीस विसरली

वजन उतरवण्याचा विषय निघाला की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय खाता हो तुम्ही?" लग्नकार्यात, भिशीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. गेल्या काही वर्षांत मला हा प्रश्न किती जणींनी विचारला त्याची गणती नाही. "किती चालता? जिने चढता का? काही उचलता का?" असं विचारणारी आजवर एकच भेटली, आणि ती फिजिओथेरपी शिकणारी मुलगी होती. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. माझं म्हणणं असं, की जेवण सांभाळून वजन उतरतं हे खरंच आहे, पण उतरलेलं वजन उतरलेलंच राहायला हातापायांना काम लागतं. आणि आपण मराठी माणसांनी या जोडीतला जेवणाचा भाग तेवढा उचलला, दुसरा तिथेच ठेवून दिला. त्याचे परिणाम आता घराघरांत दिसायला लागलेत. आमच्याही घरात दिसले, म्हणून तर हा खटाटोप.

२०१८-१९ ची धामधूम आठवते ना मंडळी? महाराष्ट्रात त्या वेळी दोनच पक्ष होते, एक दीक्षितांचा आणि एक दिवेकरांचा. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार, ज्यांच्या पदव्यांची यादी आम्ही शाळेत मुलांना कौतुकानं सांगायचो, ते २००४ साली अपघातात गेले. त्यांचा आहाराविषयीचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी उचलला, आधी स्वतःवर करून पाहिला आणि मग गावोगाव व्याख्यानं देऊन लोकांपर्यंत नेला. कडकडून भूक कधी लागते ते ओळखा, दिवसातून त्या दोनच वेळा जेवा, आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवा. फी नाही, पावडरी नाहीत, महागडे डबे नाहीत. माझ्यासारख्या मास्तरणीला ही गोष्ट फार आवडली होती, की एक डॉक्टर फुकट ज्ञान वाटतोय आणि हजारो लोक सतरंजीवर बसून ऐकताहेत.

दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्या २००९ च्या आपल्या पहिल्या पुस्तकापासून सांगत आल्या होत्या की उपाशी राहू नका, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, परदेशी फळांच्या मागे न लागता आपल्या आजीनं केलं तेच खा, भाताला आणि तुपाला घाबरू नका. म्हणजे एक म्हणतो दोनदा आणि एक म्हणते सात-आठदा! मग काय विचारता. वर्तमानपत्रांत लेख, वाहिन्यांवर चर्चा, आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर उभे दोन तट. नाशिकचे सगळे दीक्षितवाले, पुण्याचे दिवेकरवाले. आमच्या नगरला (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जिभेचं वळण जाता जात नाही) दोन्ही गटांची माणसं एकाच पंगतीत बसून एकमेकांच्या पानात डोकावायची.

या सगळ्या भांडणात एक गंमत झाली, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. डॉ. दीक्षितांच्या सांगण्यात पंचावन्न मिनिटांच्या जोडीला दुसरा एक आकडा होता. रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. तेवढाच ठसठशीत आकडा, त्याच व्याख्यानात, त्याच कागदावर. आणि दिवेकरबाईंनी तर २०१४ साली व्यायामावर अख्खं वेगळं पुस्तकच लिहिलं होतं, स्नायूंना ताकद देणारा व्यायाम बायकांनीसुद्धा का करावा हे सांगणारं. म्हणजे जेवणाबाबत ज्या दोघांचं अजिबात पटत नव्हतं, त्यांचं व्यायामाबाबत एकमत होतं. आपण मात्र जिथे मतभेद होता तिथेच हिरिरीनं भांडलो, आणि जिथे एकमत होतं ते वाचून पान उलटलं.

असं का झालं असावं? मला वाटतं, जेवणाचं पथ्य आपल्या अंगवळणी आहे. उपासतापास आपण लहानपणापासून करतो. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आहेच, पण "आज माझं पथ्य आहे" असं म्हटलं की घरातला माणूस समजून घेतो, वर थोडा मानही देतो. "आता माझी चालायची वेळ आहे" याला तसा मान नाही. लग्न झालेल्या बाईनं रोज पाऊण तास काही न आणता, काही न करता, नुसतं चालून यायचं, हे आमच्या पिढीत तरी कुणी ऐकलं नव्हतं. चालणं म्हणजे बाजाराला, दळणाला, देवाला. पुरुषांचंही तेच, फक्त त्यांना कट्ट्यावर बसायची सोय होती. शिवाय पथ्याला वेळ लागत नाही, उलट एक जेवण वाचतं. चालण्याला रोजचा पाऊण तास लागतो, आणि तो कुणाच्या तरी कामातून काढावा लागतो.

आता घरातली गोष्ट. माझी धाकटी बहीण संगमनेरला असते. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे. "लिही, पण नाव घालू नकोस, नाहीतर सगळे फोन करतील" अशी अट आहे. २०१९ च्या संक्रांतीनंतर तिनं दोन वेळा जेवायचं सुरू केलं. निश्चयाची पक्की. सकाळी साडेदहाला एक जेवण, संध्याकाळी सातला दुसरं, मधे पातळ ताक आणि बिनसाखरेचा चहा. गणपतीपर्यंत तेरा किलो उतरले. ब्लाउज उसवून आत घेतले, सगळ्यांनी वाहवा केली, आणि दोन सुनांनी व तीन नणंदांनी तिच्याकडून वेळापत्रक लिहून घेतलं.

त्या वेळापत्रकाचा कागद तिच्या फ्रिजवर चिकटवलेला मी स्वतः पाहिला आहे. त्यावर पंचेचाळीस मिनिटांची ओळही होती. पण चालणार कधी? सकाळी नळाला पाणी यायची वेळ, मग दोन डबे, मग नातवाची शाळा. तिच्या घरात तेव्हा तीन प्रकारचा स्वयंपाक व्हायचा: मुलासाठी एक, सासूबाईंसाठी मऊ, आणि तिचं स्वतःचं पथ्याचं. तिघांचं करायचं तिनेच. संध्याकाळी येणारेजाणारे. मी विचारलं की ती म्हणायची, "अगं, घरातल्या घरातच माझे चार किलोमीटर होतात." होत असतीलही, पण ओट्यापासून हॉलपर्यंत आणि परत अशा तुकड्यातुकड्यांच्या चालण्यानं बाई दमते फक्त. दम वाढत नाही, मांड्यांना जोर येत नाही.

पुढे २०२० आलं, घरं बंद झाली, घरात माणसं वाढली, सासूबाई गेल्या. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत तेरा गेलेले पंधरा होऊन परत आले. आणि ते गेले तिथे परत आले नाहीत, ही खरी गोष्ट आहे. हात-पाय बारीकच राहिले, सगळं पोटावर आलं. गेल्या दिवाळीत आम्ही सगळे तिच्याकडे होतो. लक्ष्मीपूजनाला ती पाटावर बसली ती उठेना. एका बाजूनं मुलगा, एका बाजूनं मी, असं उचलून उभं केलं. तेवढ्यात कुणीतरी, वाचणाऱ्यांना माहीत आहे कुणी, हसत हसत म्हणालं, "जिभेवर ताबा नाही ना, मग असंच होणार."

त्या वाक्याचं उत्तर मला तिथे द्यायचं नव्हतं, सणाचा दिवस होता. ते इथे देते. माझ्या बहिणीचा जिभेवर ताबा तुमच्याआमच्यापेक्षा जास्त आहे. आठ महिने घरातल्या सगळ्यांना श्रीखंड-पुरी वाढून स्वतः ताक प्यायलेली बाई आहे ती. तिला औषध अर्धंच मिळालं. उरलेलं अर्धं औषध तिच्या हातात नव्हतं, घरातल्या बाकीच्यांच्या हातात होतं, आणि ते कुणी दिलं नाही.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे डेनिस व्हिलारियल या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्टच्या वरच्या १०७ लठ्ठ लोकांवर वर्षभर अभ्यास केला, तो २०११ साली छापून आला. त्यांनी चार गट केले. एकाला फक्त आहार, एकाला फक्त व्यायाम, एकाला दोन्ही, आणि एकाला काहीच नाही. निकाल फार बोलका आहे. फक्त व्यायाम करणाऱ्यांचं वजन उतरलंच नाही. फक्त आहारवाल्यांचं दहा टक्के उतरलं, दोन्हीवाल्यांचं नऊ टक्के. आता काट्यावर उभं राहून पाहिलं तर आहारवाले एका टक्क्यानं पुढेच की! पण त्यांनी लोकांना खुर्चीतून उठायला, जिना चढायला, वाकून वस्तू उचलायला लावून मोजमाप केलं, तेव्हा दोन्ही करणाऱ्यांची क्षमता २१ टक्क्यांनी वाढली होती, फक्त आहारवाल्यांची १२. चरबी सोडून जे बाकीचं शरीर असतं, मुख्यतः स्नायू, ते आहारवाल्यांचं पाच टक्के गेलं, दोन्हीवाल्यांचं तीन. खुब्याच्या हाडाची घनता आहारवाल्यांची जवळजवळ तीन टक्के घटली, दोन्हीवाल्यांची एक. आमच्या वयात खुब्याचं हाड म्हणजे काय ते सांगायला नको. कुणीतरी न्हाणीघरात पडतं आणि पुढचं सगळं त्या एका दिवसापासून मोजलं जातं.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला, पाळी गेलेल्या बायकांवरचा. वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि वजन परत वाढतं तेव्हा चरबी भरभरून येते पण स्नायू त्या प्रमाणात येत नाहीत, असं त्यात दिसलं. वाचलं तेव्हा मला बहिणीचा पाट आठवला. म्हणजे नुसतं खाणं कमी करून वजन खाली-वर, खाली-वर करत राहिलं तर काटा तोच आकडा दाखवेल, पण आतला माणूस दर खेपेला थोडा कमकुवत होत जाईल.

आपल्या लोकांना याची धास्ती जास्तच हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगताहेत. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा मेळ अगदी सारखा, बीएमआय २२.३. दिसायलाही दोघे सडसडीत. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२! आपण बाहेरून बारीक आणि आतून लठ्ठ. स्नायू मुळातच कमी, पोटाशी चरबी जास्त. अशा माणसानं वजन उतरवताना आहे ते स्नायूही घालवायचे म्हणजे मुद्दलच खायचं. म्हणून मी काट्याइतकीच शिवणाची टेपही जवळ ठेवते. आपल्या बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत हवी असं मानतात. माझी अजून ८४ आहे, हेही सांगून टाकते.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. "मी रोज चालतो, मला काहीही खाल्लेलं चालतं." हे बहुधा पुरुष असतात. पहाटे किल्ल्याच्या बाजूला किंवा वाडिया पार्कवर जायचं, चार फेऱ्या मारायच्या आणि परत येताना मिसळ. हिशोब करून पाहू या. सत्तर किलोच्या माणसानं पंचेचाळीस मिनिटं चाललं तर साधारण दोनशे-अडीचशे कॅलरी खर्च होतात. आमचा जिल्हा साखरेचा. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला तेव्हापासून जिल्ह्यात साखरेला तोटा नाही, आणि पाहुण्याला फिका चहा देणं म्हणजे आमच्याकडे अपमान. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे दहा ग्रॅम. दिवसाचे पाच कप झाले की पन्नास ग्रॅम, दोनशे कॅलरी. म्हणजे पाऊण तासाचं चालणं निव्वळ चहाच्या साखरेत विरघळलं! वडापाव, फरसाण, मिसळ यांचा हिशोब अजून मांडलेलाच नाही. त्यामुळे नुसतं चालून वजन उतरत नाही म्हणून निराश झालेले लोक मला भेटतात तेव्हा मी एवढंच सांगते, चालणं थांबवू नका आणि चहाची साखर थांबवा.

मग जेवणाचं काय, दोनदा की आठदा? माझं मत विचाराल तर ते भांडण आपण उगाच एवढं ताणलं. चीनमध्ये ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभराचा प्रयोग झाला, २०२२ साली तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सारखंच कमी खायला सांगितलं. निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्या वेळातच खायचं बंधन घातलं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. घड्याळवाल्यांचे आठ किलो उतरले आणि बिनघड्याळवाल्यांचे सव्वासहा, आणि एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो असं अभ्यासकांचंच म्हणणं. मुद्दा एकूण कमी खाण्याचा. ते दोनदा जेवून जमत असेल तर दोनदा जेवा, चारदा थोडं थोडं खाऊन जमत असेल तर तसं. घराला जे वर्षानुवर्षं झेपेल ते पथ्य चांगलं. (ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नये. आमच्या गल्लीत एक गृहस्थ असेच चक्कर येऊन पडले होते.)

भाकरीबद्दलही जरा बोलते. नगर म्हणजे शाळूचा मुलूख, आणि आता ज्वारीला भलताच भाव आलाय. शहरातल्या भाच्या मला विचारतात, "मावशी, भाकरी खाल्ली की वजन उतरतं ना?" बाई गं, वजनाला वजन तोलून पाहिलंस तर ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. फरक एवढाच की पोळीला तेल-तूप लागतं, आणि भाकरी चावून खावी लागते, तिच्याबरोबर आमटी-भाजीही लागते, त्यामुळे दीड भाकरीत पोट भरतं. आमच्या वयाला पिठापेक्षा डाळी-कडधान्यांची फिकीर जास्त करायला हवी, कारण स्नायूंना तेच लागतं. मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, पिठलं, दही, चालत असेल त्याला अंडं. आमच्याकडे हुलगे गरिबाचं खाणं म्हणून मागे पडले होते. मी पुन्हा आणायला लागले.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, "जुन्या बायका कुठे व्यायाम करायच्या? तरी काटक होत्या." होत्या ना. माझी आई नेवासे तालुक्यातल्या खेड्यात पहाटे चारला जात्यावर बसायची, मग विहिरीवरून पाणी, मग शेत. मोठ्या वयातही ती हात न टेकता उठायची. पण म्हणून ते दिवस चांगले होते असं मला कुणी सांगू नये. १९७२ च्या दुष्काळात मी विशीत होते, खडी फोडायला बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, दुपारी वाटल्या जाणाऱ्या सुकडीसाठी रांगेत उभी असलेली पोरं पाहिली आहेत. त्या बायका बारीक होत्या त्या उपासमारीनं, तब्येत राखून नव्हे. जातं गेलं, नळ आला, गॅस आला, फार चांगलं झालं. फक्त त्या कामांतून शरीराला जो जोर मिळत होता तो आता मुद्दाम मिळवावा लागतो, इतकंच. नाहीतर ऊसतोडीला जाणाऱ्या बाईलाही जिमची जाहिरात दाखवायला कमी करणार नाही आपण.

माझं स्वतःचं सांगायचं तर २०१७ साली माझं वजन ७३ होतं, उंची पाच फूट एक इंच. चौदा महिन्यांत ६२ झालं. आज ६३ आहे, दिवाळीनंतर ६४ होतं आणि संक्रांतीपर्यंत परत खाली येतं. लोकांना चौदा महिन्यांचं कौतुक वाटतं, मला नंतरच्या वर्षांचं वाटतं. अमेरिकेत वजन उतरवण्याची एक टीव्ही स्पर्धा होती. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, २०१६ साली ते छापून आलं. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या त्या लोकांचे ४१ किलो परत आले होते. शरीर हट्टी असतं, वजन उतरलं की ते आपला खर्च कमी करून टाकतं. त्यांच्यातल्या ज्यांनी बऱ्यापैकी वजन टिकवलं त्यांच्यात एक गोष्ट दिसली, त्यांची रोजची हालचाल इतरांपेक्षा पुष्कळ वाढलेली होती. उतरवायला ताट, टिकवायला पाय, असं मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सांगते.

माझा रोजचा क्रम काही फार मोठा नाही. आठवड्यातून पाच दिवस चाळीस मिनिटं चालते, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं. दिवसाआड खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठबस, तीनदा. भिंतीला हात टेकून दंड. पाण्याच्या दोन बाटल्या भरून त्या खांद्यापर्यंत उचलणं. रोज दात घासताना ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहणं. हे पाहून नातवंडं खूप हसतात. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० साली आमच्या वयाच्या लोकांना हेच सांगितलं आहे: आठवड्याला निदान दीडशे मिनिटं हालचाल, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, तीन दिवस तोल सांभाळण्याचा. सूर्यनमस्कार आणि योगासनं करणाऱ्यांना यातलं बरंच आपोआप मिळतं, पण माझ्या गुडघ्यांना नमस्कार झेपत नाहीत.

हे सगळं मला जमलं, कारण ह्यांनी सकाळचा चहा आणि कुकर आपल्याकडे घेतला. कुकर लावायला शिकले तेव्हा ह्यांचं वय एकाहत्तर होतं. पहिल्या आठवड्यात डाळीत पाणी घालायचं राहिलं, वास सगळ्या बिल्डिंगभर गेला. पण शिकले. म्हणून सांगते, माझे अकरा किलो उतरले त्यातले निदान चार ह्यांच्या नावावर लिहायला हवेत. बहिणीच्या घरात सगळे तिला "खाऊ नकोस" म्हणत होते. "तू जा, मी डबे भरतो" असं म्हणणारा कुणी नव्हता.

परवा एका भाच्यानं विचारलं, "मावशी, आता इंजेक्शनं आली आहेत, एवढा त्रास कशाला?" २०२५ साली ती आपल्याकडेही आली, खरं आहे. ज्यांना डॉक्टरांनी गरज सांगितली त्यांनी जरूर घ्यावीत, त्यात कमीपणा काही नाही. पण ती घेऊनही भूकच कमी होते, म्हणजे तोच ताटाचा अर्धा भाग. वजन उतरताना स्नायू त्याही वाटेनं जातात. आणि त्यातल्या एका औषधाच्या अभ्यासात असं दिसलं की ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. पाटावरून उठवणारं इंजेक्शन अजून निघालेलं नाही.

असो. आता जरा आपल्या नातेवाइकांसाठी, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. येत्या वैशाखात घरात लग्न आहे. बहीण येणार आहे. तिला कुणीही "किती उतरलं?" असं विचारायचं नाही आणि "अगं घे गं एक, आज काय होतंय" म्हणून पानात जिलबीही टाकायची नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच त्रासाच्या. सकाळी सहा ते पावणेसात ती आणि मी कार्यालयात नसू, त्या वेळी हळदीचं ताट कुठे ठेवलंय हे विचारायला फोन करू नये.

माघापासून ती चालते आहे. तिच्या सुनेनं, मुलगी गुणी आहे, एक दिवस आपण होऊन सांगितलं की सकाळचं पाणी आणि एक डबा माझा. दुसरा डबा मुलगा स्वतः भरतो, म्हणजे बहुतेक दिवस पोळीचा रोल करून नेतो. काट्यावर अजून दीडच किलो दिसतात आणि तिला त्याचं वाईट वाटतं. पण गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, खुर्चीतून उठबस सलग आठ झाल्या, पूर्वी तीनला थांबत होते. सध्या तिची अडचण वेगळीच आहे. सहावारीवर बूट घालायचा संकोच वाटतो म्हणून ती चपलेनंच चालते आणि टाच दुखते म्हणते. माझ्याकडे राखाडी रंगाचे, साध्या बांधणीचे एक नवे जोड आहेत, मला अर्धा नंबर मोठे होतात. रविवारी कुणी संगमनेरकडे जाणार असेल तर कळवा, पिशवी तयार करून ठेवली आहे.